आकड्यांचा मजकूर करताना दशांश सांभाळायचे कसे: टप्प्याटप्प्यानं

ऊसबिलाच्या यादीत १८.४५० टनाचं १८.४५ होतं. दूध संस्थेच्या दरपत्रकात ४.० फॅट सापडत नाही. उताऱ्यावरचे २ एकर २० गुंठे फाइलमध्ये २.२ एकर होऊन बसतात. खाते क्रमांकाच्या शेवटी नको असलेलं '.०' चिकटतं. बेळगाव, निपाणी, चिकोडी, अथणी, खानापूर या पट्ट्यात सोसायटी, पतसंस्था, दूध संस्था किंवा ऊसतोडीच्या हिशेबाचं संगणकावरचं काम करणाऱ्यांना हे चार प्रश्न हमखास पडतात. चारींचं मूळ एकच आहे. संख्येचा मजकूर कधी करायचा आणि कोणत्या नमुन्यानं करायचा, हे आपण ठरवलेलं नसतं. मग ते सॉफ्टवेअर ठरवतं.

एक गोष्ट आधी पक्की करा. संगणकात संख्या म्हणून साठवलेल्या १८.४५ आणि १८.४५० यांत काहीही फरक नाही. शेवटचं शून्य संख्येत नसतंच, ते फक्त मजकुरात असतं. म्हणून ते शून्य 'टिकवायचं' म्हणून धडपडू नका. मजकूर करताना ते मुद्दाम लिहायचं असतं.

खालची उदाहरणं एक्सेलसारखी स्प्रेडशीट, पायथन आणि आर या प्रोग्रॅमिंग भाषा आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस यांतली आहेत. फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना नावं आणि नमुन्यातले अंक दोन्ही इंग्रजी कळफलकावरून घ्या. नमुन्यात जिथे ० दिसतं तिथे इंग्रजी शून्य टाइप करायचं आहे.

## टप्पा १: संगणकाला हात लावण्याआधी कॉलमची यादी

वही घ्या आणि फाइलमधल्या प्रत्येक कॉलमसमोर तीन गोष्टी लिहा: हा आकडा मोजलेला आहे की नुसती ओळख आहे, त्याचं माप काय, आणि दशांश चिन्हानंतर किती स्थळं छापायची. बहुतेक जण हा टप्पा गाळतात आणि पुढचा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

ओळख सांगणारे आकडे. सभासद क्रमांक, खाते क्रमांक, आधार, मोबाइल, सर्व्हे नंबर. यांची बेरीज कोणी करत नाही, म्हणून या संख्या नाहीतच. पहिल्या क्षणापासून त्या मजकूर म्हणूनच राहायला हव्यात. सभासद क्रमांक ००७ आणि ७ हे दोन वेगळे मजकूर आहेत. सर्व्हे नंबर ४५/१० आणि ४५/१ ही तर दोन वेगळी रानं आहेत, आणि कोणी ते ४५.१० असं टिंब देऊन भरलं तर दोन्हींचं ४५.१ होतं.

मोजलेले आकडे. इथे दशांश स्थळं मापावरून ठरतात. ऊस टनात लिहितात आणि किलोपर्यंत मोजतात, म्हणून तीन स्थळं. रुपये पैशांपर्यंत, म्हणून दोन. फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) तुमच्या यंत्रावर आणि दरपत्रकावर जितक्या स्थळांत असतील तितकी. बहुतेक ठिकाणी एक.

उसाचं उदाहरण थोडं थांबून पाहण्यासारखं आहे. काटा १० किलोच्या टप्प्यानं वजन दाखवत असेल, तर टनात लिहिल्यावर तिसरं स्थळ प्रत्येक पावतीवर शून्यच येणार: १८.४५०, २१.०७०, १६.९३०. म्हणजे नुसत्या 'जनरल' फॉरमॅटमध्ये ते प्रत्येक ओळीत गळून पडणार. १८.४५ वाचून कोणी '१८ टन ४५ किलो' असा अर्थ लावला, तर ४०५ किलोंचा फरक पडतो. समजा दर टनाला ३,१०० रुपये असेल, तर एका खेपेत १,२५५ रुपये ५० पैसे. शेतकऱ्याच्या हातातल्या पावतीवर तीन स्थळं असतील तर यादीवरही तीनच हवीत. नाहीतर ताळा जुळवताना प्रत्येक ओळीला वाद होतो.

दशांश दिसणारे, पण दशांश नसलेले आकडे. कर्नाटकच्या उताऱ्यावर क्षेत्र एकर-गुंठ्यांत असतं. ४० गुंठ्यांचा एक एकर. तेव्हा '२.२०' मधलं टिंब दशांश चिन्ह नाही, ते नुसतं विभाजक आहे. याला पुढे स्वतंत्र टप्पा दिला आहे, कारण सगळ्यांत मोठं नुकसान इथे होतं.

तपासा: वहीतल्या प्रत्येक कॉलमसमोर एक अंक (०, १, २, ३) किंवा 'मजकूर' असा शब्द लिहिलेला आहे का? एकाही कॉलमसमोर 'बघू' असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: फाइल वाचतानाच ओळखीचे आकडे वाचवा

फाइल उघडल्यावर दुरुस्ती करू, असं म्हणणाऱ्यांना उशीर झालेला असतो. सीएसव्ही फाइलवर (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) दोनदा क्लिक करून ती एक्सेलमध्ये उघडली की सुरुवातीची शून्यं जातात, १२ अंकी आधार क्रमांक २.३४ई+११ अशा रूपात दिसू लागतो, आणि १५ अंकांपुढचे सगळे अंक शून्य होतात. पहिल्या दोन गोष्टी निदान ओळखू येतात. तिसरी ओळखू येत नाही आणि परतही येत नाही: १६ किंवा १७ अंकी खाते क्रमांकाचा शेवट गेला की गेला. नंतर कॉलमचा फॉरमॅट 'टेक्स्ट' केला तरी तो अंक येत नाही.

एक्सेलमध्ये: रिकामी फाइल उघडा, 'डेटा' टॅबमधून सीएसव्ही आयात करा, आणि ओळखीच्या प्रत्येक कॉलमचा प्रकार आयात करतानाच 'टेक्स्ट' ठेवा. हातानं भरायचं असेल तर आधी कॉलम 'टेक्स्ट' करा, मग भरा. क्रम उलटा झाला तर उपयोग नाही.

पायथनमध्ये: पांडाज या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीच्या रीड-सीएसव्हीला डीटाइप (कॉलमचा प्रकार) म्हणून 'एसटीआर' (मजकूर) द्या, म्हणजे सगळे कॉलम मजकूर म्हणून येतील. मग वहीत ज्यांच्यासमोर अंक लिहिला आहे तेवढेच कॉलम संख्येत बदला. सगळं संख्या म्हणून घेऊन नंतर मजकूर करण्यापेक्षा ही दिशा कितीतरी सुरक्षित आहे.

खाते क्रमांकाला '.०' कुठून चिकटतं, तेही इथेच कळतं. कॉलममध्ये एखादी जागा रिकामी असली की पांडाज नेहमीच्या रीतीनं तो अख्खा कॉलम दशांश प्रकारात घेतं, कारण त्याच्या साध्या पूर्णांक प्रकारात 'रिकामं' ठेवायला जागा नाही. मग मजकूर केला की प्रत्येक क्रमांकाच्या शेवटी '.०' येतं. यावर उपाय म्हणून शेवटची दोन अक्षरं कापणारे पुष्कळ आहेत. तसं करू नका. दशांश प्रकारात ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ च्या पुढचे पूर्णांक नेमके साठवण्याची हमीच नसते, म्हणजे '.०' कापल्यावर उरलेला क्रमांकही चुकीचा असू शकतो. मूळ फाइल पुन्हा मजकूर म्हणून वाचा.

सीमाभागातली आणखी एक खास अडचण म्हणजे अंकांच्या लिपी. एकाच गावच्या यादीत इंग्रजी, देवनागरी आणि कन्नड असे तिन्ही अंक येतात, कारण कागद तीन ठिकाणांहून आलेले असतात. पायथनचं फ्लोट फंक्शन (मजकुराची दशांश संख्या करणारं) '१८.४५' हा देवनागरी मजकूर बिनतक्रार वाचतं. कन्नड अंकही वाचतं. पण पोस्टग्रेस ते नाकारतं, आणि स्प्रेडशीट असा आकडा संख्या म्हणून घेईलच याचा भरवसा धरू नका. कन्नड शून्य आणि देवनागरी शून्य नजरेला जवळजवळ सारखंच दिसतं, तेव्हा डोळ्यांनी तपासून भागत नाही. आयात झाल्यावर सगळे अंक एकाच लिपीत, म्हणजे इंग्रजीत, बदलून घ्या. छापील पावतीवर मराठी अंक हवे असतील तर ते सगळ्यांत शेवटी, छापण्याच्या वेळी करा.

सावधान: '१,२५,०००' हा मजकूर पायथनचं फ्लोट स्वीकारत नाही. स्वल्पविराम आधी काढा. पण काढण्यापूर्वी त्या कॉलममध्ये कोणी दशांश चिन्हाऐवजी स्वल्पविराम तर दिलेला नाही ना, ते पाहा. '३५,२५' हा दुधाचा दर असेल, तर स्वल्पविराम काढल्यावर ३,५२५ रुपये लिटर होईल.

तपासा: आयातीनंतर ओळखीच्या प्रत्येक कॉलममधल्या मजकुराची कमीत कमी आणि जास्तीत जास्त लांबी काढा. आधारची लांबी प्रत्येक ओळीत १२, मोबाइलची १०. आधारच्या एका ओळीत ११ दिसली तर भरणाऱ्यानं अंक सोडलाय.

## टप्पा ३: गणित संख्येत, राउंड एकदाच

मजकूर केल्यावर गणित नाही आणि गणित पुरं होण्याआधी मजकूर नाही. हा क्रम मोडला की बेरजा चुकतात किंवा शून्य येतात. स्प्रेडशीटमध्ये मजकूर झालेल्या सेल्स बेरजेच्या फंक्शनमध्ये गुपचूप वगळल्या जातात. चूक दाखवली जात नाही, नुसती बेरीज कमी येते.

राउंड करण्याबाबत जो गैरसमज आहे तो एका दूधबिलावर पाहा. ४.५ लिटर दूध, दर ३५.२५. रक्कम नेमकी १५८.६२५. एक्सेलचं राउंड फंक्शन दोन स्थळांना १५८.६३ देतं. पायथनमध्ये राउंड वापरा किंवा दोन स्थळांचा नमुना देऊन मजकूर करा, उत्तर १५८.६२ येतं. दोघांचंही गणित आपापल्या नियमानं बरोबर आहे. एक्सेल नेमका मध्यावरचा आकडा वर ढकलतं, पायथन तो जवळच्या सम अंकाकडे नेतं. म्हणूनच पायथनमध्ये २.५ राउंड केल्यावर २ येतं आणि ३.५ राउंड केल्यावर ४.

दुसरी भानगड याहून वेगळी आहे. २.६७५ हा आकडा संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ च्या) पद्धतीत नेमका बसत नाही. आत तो २.६७५ पेक्षा किंचित कमी साठवला जातो. म्हणून पायथन त्याचं २.६७ करतं. इथे सम-विषमचा संबंध नाही, आकडाच मुळात मध्यावर नाही. लोक या दोन कारणांची गल्लत करतात, एकावरचा उपाय दुसऱ्यावर लावतात आणि पैशाचा फरक काही जात नाही.

पैशांच्या कामाला पायथनमध्ये डेसिमल (दशांश आकडा नेमका साठवणारा प्रकार) वापरा. रीत अशी:

१. दर आणि लिटर मजकूर म्हणून आलेलेच आहेत. त्या मजकुरापासूनच डेसिमल बनवा. आधी फ्लोट करून मग डेसिमल केलं तर २.६७५ च्या जागी २.६७४९९९ अशी लांबलचक शेपटी आत येते आणि सगळा खटाटोप वाया जातो.

२. गुणाकार, कपात, अनुदान, जे काही असेल ते पूर्ण करा. मध्ये कुठेही राउंड नको.

३. शेवटी क्वांटाइझ वापरून ०.०१ पर्यंत आणा आणि नियम 'राउंड-हाफ-अप' असा स्पष्ट लिहा. न लिहिल्यास सम अंकाचा नियम लागतो.

पोस्टग्रेसमध्ये 'न्यूमेरिक' (नेमका दशांश) प्रकारावर राउंड केलं की मध्यावरचा आकडा शून्यापासून दूर, म्हणजे एक्सेलसारखा जातो. 'डबल प्रिसिजन' (द्विमान) प्रकारावर बहुतेक यंत्रांत सम अंकाकडे जातो. म्हणून रक्कम ज्या कॉलममध्ये ठेवता तो न्यूमेरिकच असू द्या.

आता 'एकदाच' म्हणजे नेमकं कधी? बिलावर ओळी छापल्या जातात आणि खाली बेरीज. समजा १५८.६२५ च्या तीन ओळी आहेत. प्रत्येक ओळ राउंड करून बेरीज केली तर ४७५.८९. आधी बेरीज करून मग राउंड केलं तर ४७५.८८. शेतकरी कॅल्क्युलेटरवर छापील ओळींचीच बेरीज करणार, तेव्हा माझ्या मते बिलात ओळ राउंड करावी आणि बेरीज राउंड केलेल्या ओळींचीच छापावी. तुमच्या संस्थेची रीत वेगळी असेल तर ती पाळा, पण एकच पाळा, आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

सावधान: सेलचा फॉरमॅट दोन स्थळांचा केला म्हणजे आकडा राउंड झाला असं नाही. दिसतं तेवढंच बदलतं. बेरीज आतल्या पूर्ण आकड्याचीच होते.

## टप्पा ४: नमुना देऊन मजकूर करा

आता प्रत्यक्ष काम, आणि ते तसं छोटं आहे. नियम एकच: नमुन्याशिवाय कधीही मजकूर करायचा नाही.

स्प्रेडशीट. टेक्स्ट फंक्शनला सेल आणि अवतरणात नमुना द्या. वजनाला "०.०००", रकमेला "०.००", फॅटला "०.०". नमुन्यात ० म्हणजे 'हा अंक लिहाच' आणि # म्हणजे 'असेल तरच लिहा'. टिंबाच्या डावीकडे किमान एक ० हवंच, "#.००" दिलं तर ०.५० चं नुसतं '.५०' होतं. अँड चिन्हानं मजकूर जोडणारे इथे फसतात: "वजन " ला थेट सेल जोडली की सेलवर १८.४५० दिसत असूनही जोडलेल्या मजकुरात १८.४५ येतं. जोडताना मध्ये टेक्स्ट फंक्शन घालावंच लागतं.

पायथन. एफ-स्ट्रिंगमध्ये चलाच्या नावानंतर कोलन, टिंब, स्थळांचा अंक आणि 'एफ' अक्षर. तीन स्थळांना कोलन-टिंब-३-एफ. डेसिमललाही हाच नमुना चालतो. नुसतं एसटीआर वापरू नका: ४.१ मध्ये ०.१ मिळवून एसटीआर केलं की ४.१९९९९९९९९९९९९९९ असा मजकूर हातात येतो.

पांडाजमधून फाइल लिहिताना फ्लोट-फॉरमॅट म्हणून एकच नमुना देण्याची सोय आहे. ती मोहात पाडते. पण तो नमुना दशांश प्रकारच्या सगळ्या कॉलमना लागतो. रकमेसाठी दोन स्थळं दिलीत की उसाचं वजनही दोन स्थळांवर येतं आणि किलो उडतात. प्रत्येक कॉलमचा मजकूर वहीतल्या अंकानुसार स्वतंत्र करा, मगच फाइल लिहा.

पोस्टग्रेस. टू-चार फंक्शनला नमुना देताना सुरुवातीला 'एफएम' लावा, नाहीतर चिन्हासाठी राखलेली मोकळी जागा मजकुराच्या पुढे येते आणि पुढे तुलना जुळत नाही. एफएम नंतर ९९९९९०.००० असा नमुना वजनाला चालेल. ९ ची संख्या पुरेशी ठेवा. आकडा नमुन्यापेक्षा मोठा निघाला तर त्याच्या जागी # ची रांग येते.

आर वापरणाऱ्यांनी अ‍ॅज-कॅरेक्टरपासून जपावं. १००००० चा मजकूर तिथे '१ई+०५' होतो. नेमकी एक लाखाची ठेव असलेल्या सभासदाच्या पावतीवर हे छापून जाऊ शकतं. स्प्रिंटएफ वापरा आणि दोन स्थळांचा नमुना द्या.

दोन ठिकाणी मजकूर करताना वेगळा विचार हवा. एक, रिकाम्या जागा: पायथनमध्ये रिकाम्या संख्येला नमुना लावला की 'नॅन' असा मजकूर तयार होतो आणि पावतीवर जातो. आधी रिकामं आहे का पाहा. असेल तर रिकामाच मजकूर द्या, ०.०० नव्हे. दूध न आणलेला दिवस आणि शून्य रकमेचं बिल या वेगळ्या गोष्टी आहेत. दोन, उणे शून्य: कपातीनंतर -०.००१ उरलं तर दोन स्थळांचा मजकूर '-०.००' होतो, आणि सभासद विचारतो की माझ्याकडे बाकी कसली. पायथन ३.११ पासून नमुन्यात टिंबाच्या आधी 'झेड' अक्षर घातलं की हे उणे चिन्ह जातं. जुन्या आवृत्तीत मजकूर तयार झाल्यावर '-०.००' शी ताडून '०.००' करा.

तपासा: तयार कॉलममधल्या प्रत्येक मजकुरात टिंबानंतर नेमके ठरलेले अंक आहेत का, ते मोजा. नजरेनं नको, सूत्रानं मोजा.

## टप्पा ५: फॅट-एसएनएफचा जोड आणि दरपत्रक

दरपत्रकात दर शोधण्यासाठी फॅट आणि एसएनएफ जोडून एक किल्ली बनवण्याची पद्धत सोपी आहे: '४.०|८.५'. पण दरपत्रकातली किल्ली हातानं टाइप केलेली '४.०|८.५' असते आणि संकलनाच्या फाइलमधून तयार झालेली '४|८.५'. शोध लागत नाही, आणि तोही फक्त ४.०, ५.०, ६.० अशा पूर्ण फॅटवरच. बाकी ओळी बरोबर येतात म्हणून चूक दिवसेंदिवस ध्यानात येत नाही.

दोन्ही बाजूंना टेक्स्ट फंक्शनानं "०.०" नमुना लावला की प्रश्न मिटतो. त्याहून मला पसंत असलेली रीत म्हणजे दहानं गुणून, राउंड करून पूर्णांक ठेवणं: ४० आणि ८५. पूर्णांकाला ना शेपटी ना शून्याचा प्रश्न. मात्र गुणल्यावर राउंड न करता नुसता पूर्णांक घेतला तर वरच्या उदाहरणातलं ४.१९९९ चं ४१ होईल, ४२ नाही.

## टप्पा ६: एकर-गुंठे

हा टप्पा सावकाश वाचा.

उताऱ्यावर २ एकर २० गुंठे आहेत. कोणीतरी ते २.२० असं भरलं. स्प्रेडशीटनं त्याचं २.२ केलं. आता पुढचा माणूस काय वाचेल? '२ एकर २ गुंठे' किंवा '२.२ एकर'. २.२ एकर म्हणजे ८८ गुंठे. खरं क्षेत्र १०० गुंठे. बारा गुंठे फाइलमधून गेले, आणि कुठेही चूक म्हणून दाखवलं गेलं नाही. उलट २ एकर ५ गुंठे कोणी २.५ असे लिहिले तर वाचणारा अडीच एकर समजतो, आणि अडीच एकर म्हणजे पुन्हा १०० गुंठे.

दशांश स्थळं दोन ठेवा, असं सांगून हा प्रश्न सुटत नाही. २.२० दिसेल, पण बेरीज करताना १.२५ आणि १.३० मिळून २.५५ येईल, खरं उत्तर ३ एकर १५ गुंठे आहे.

म्हणून रीत अशी ठेवा:

१. एकर आणि गुंठे यांचे दोन स्वतंत्र कॉलम, दोन्ही पूर्णांक. गुंठ्याच्या कॉलमला ० ते ३९ अशी मर्यादा घाला. ४० किंवा जास्त आलं की भरणाऱ्याला तिथेच अडवा.

२. सगळं गणित गुंठ्यांत: एकर गुणिले ४०, अधिक गुंठे. गुंठ्याच्या खाली आणे असतील तर १६ आण्यांचा गुंठा धरून तिसरा कॉलम करा आणि गणित आण्यांत न्या.

३. मजकूर करताना ४० नं भागून भागाकार एकर आणि बाकी गुंठे. गुंठे दोन अंकी लिहा: पायथनमध्ये कोलन-०२-डी, स्प्रेडशीटमध्ये "००" नमुना. '२ एकर ०५ गुंठे' असं लिहिलं की गैरसमजाला जागा राहत नाही.

४. जोडायला टिंब वापरू नका. आडवी रेघही धोक्याची आहे: '५-१२' असा मजकूर सीएसव्हीतून एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडला की भारतीय तारखेच्या सेटिंगमध्ये ५ डिसेंबर होतो. 'एकर' आणि 'गुंठे' हे शब्द लिहा. जागा थोडी जास्त लागते, लागू द्या.

ज्यांची रानं सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत त्यांच्या फाइलमध्ये आणखी एक पेच असतो. महाराष्ट्राच्या सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये येतं. १०० आरचा एक हेक्टर, म्हणून तिथलं ०.४० हेक्टर हे खरोखर दशांश आहे आणि ०.४ केलं तरी मूल्य बदलत नाही. इकडचं २.२० मात्र दशांश नाही. दोन्ही आकडे एकाच 'क्षेत्र' नावाच्या कॉलममध्ये घातले, तर नंतर ते वेगळे करायला मूळ उतारेच काढावे लागतात. एकक सांगणारा कॉलम पहिल्या दिवसापासून ठेवा. ताळ्यासाठी एक एकर म्हणजे ०.४०४७ हेक्टर धरा: २ एकर २० गुंठे, म्हणजे अडीच एकर, म्हणजे १.०१ हेक्टर.

तपासा: क्षेत्राच्या जुन्या कॉलममध्ये टिंबानंतरचा भाग एकअंकी असलेल्या सगळ्या ओळी वेगळ्या काढा. त्यातली प्रत्येक ओळ संशयित आहे आणि तिचा निकाल फक्त उतारा पाहूनच लागतो. अंदाजानं शून्य जोडू नका.

## टप्पा ७: शेवटची शून्यं काढायचीच असतील तर

कधी कधी ती खरंच नको असतात. एखाद्या पत्रात '१२.०० लिटर' पेक्षा '१२ लिटर' बरं दिसतं. मग क्रम असा: आधी ठरलेल्या स्थळांचा मजकूर, मग उजवीकडची शून्यं काढणं, मग उरलेलं टिंब काढणं. पायथनमध्ये दोनदा आरस्ट्रिप, आधी शून्यासाठी, नंतर टिंबासाठी.

सावधान: मजकुरात टिंब नसेल तर हे करू नका. '१००' वर शून्याचं आरस्ट्रिप चालवलं की '१' उरतं.

स्प्रेडशीटमध्ये "०.##" नमुना यासाठी सुचवला जातो, पण १८ चं तो '१८.' करतो, लोंबतं टिंब ठेवून. पोस्टग्रेसमध्येही टिंबानंतर ९ वापरले की तसंच होतं. पायथनमधलं 'जी' अक्षर शून्यं काढतं, पण मुळात सहाच महत्त्वाचे अंक ठेवतं आणि १२३४५६७ चं १.२३४५७ई+०६ करतं. डेसिमलचं नॉर्मलाइझ १०० चं '१ई+२' करतं. या सगळ्या आडवाटांपेक्षा वरचा दोन पायऱ्यांचा क्रम बरा.

## टप्पा ८: लाखाचे स्वल्पविराम आणि फाइल देणं

स्वल्पविराम फक्त माणसानं वाचायच्या कागदावर. दुसऱ्या संगणकाकडे जाणाऱ्या फाइलमध्ये कधीच नाही. सीएसव्हीत तर स्वल्पविराम म्हणजे कॉलम तुटण्याची जागा.

पायथनच्या नमुन्यात स्वल्पविराम घातला तर तो तीन-तीनचे गट पाडतो: १,२३४,५६७. आपल्याला १२,३४,५६७ हवं. बेबेल लायब्ररीला #,##,##०.०० असा नमुना दिला की काम होतं. लायब्ररी नसेल तर मजकूर झाल्यावर उणे चिन्ह आणि टिंबानंतरचा भाग बाजूला ठेवा, उरलेल्यातले शेवटचे तीन अंक वेगळे करा, बाकीचे उजवीकडून दोन-दोन तोडा आणि जोडा. एक्सेलमध्ये विंडोजची भारतीय सेटिंग असेल तर आपोआप जमतं, पण तीच फाइल दुसऱ्या मशीनवर वेगळी दिसू शकते. नमुन्यातच बांधायचं असेल तर हा घ्या:

[>=१०००००००]##\,##\,##\,##०.००;[>=१०००००]##\,##\,##०.००;##,##०.००

उणे रकमांना मात्र यातला शेवटचा भाग लागतो आणि मोठ्या उणे रकमेत तीन-तीनचे गट पडतात. उणे रकमांचा कॉलम वेगळा ठेवा किंवा त्यांना उलटा नमुना लिहा.

एक्सेलमधून सीएसव्ही म्हणून सेव्ह करताना सेलमध्ये जसं दिसतं तसंच फाइलमध्ये जातं. वजनाचा कॉलम दोन स्थळांवर दिसत असेल तर तिसरं स्थळ त्या फाइलमधून कायमचं गेलं. सेव्ह करण्याआधी प्रत्येक कॉलम वहीतल्या अंकाशी ताडा.

फाइल पाठवण्यापूर्वी उलटी तपासणी करा. तयार सीएसव्ही नोटपॅडमध्ये उघडून पाहा. एक्सेलमध्ये उघडून नव्हे, कारण एक्सेल उघडताक्षणी पुन्हा शून्यं गिळतं आणि तुम्ही बरोबर फाइल चुकीची समजून 'दुरुस्त' करून बसता. मग तीच फाइल प्रोग्रॅममध्ये मजकूर म्हणून वाचा, संख्या करा आणि मूळ आकड्यांशी वजाबाकी करा. रकमेच्या कॉलममध्ये एकाही ओळीत अर्ध्या पैशापेक्षा जास्त फरक नको, वजनात अर्ध्या किलोपेक्षा जास्त नको. ओळींची संख्या, रकमेची बेरीज, वजनाची बेरीज आणि एकूण गुंठे, हे चार आकडे दोन्हीकडचे लिहून फाइलसोबत द्या. घेणाऱ्याला ती कशी उघडायची तेही एका ओळीत कळवा: 'डेटा टॅबमधून आयात करा, सभासद क्रमांक आणि खाते क्रमांक टेक्स्ट ठेवा.'